तुळशीरामच्या गाडीतला वास

गाडीतला वास कुठून येतो असं विचारलं की गाडीवाला आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बायको म्हणते, यांच्या सिगारेटचा. नवरा म्हणतो, हिच्या माहेरच्यांनी सुकी मासळी नेली होती. ड्रायव्हर साहेबांच्या कुत्र्याचं नाव घेतो, साहेब ड्रायव्हरच्या मोज्यांचं. गाडीत एसी नावाची एक वस्तू आहे, ती कधीच उघडलेली नाही आणि वास तिच्यातून येत असू शकतो, हे गिऱ्हाइकाच्या तोंडून आपणहून निघालेलं मी वडशात इतकी वर्षं दुकान चालवताना एकदाही ऐकलं नाही.

दुकानाआधी मी काही वर्षं एका दैनिकासाठी बातम्या लिहायचो. तिथे शिकवलं होतं की बातमीत आपण दिसायचं नाही, आणि ऐकलेलं लिहिण्याआधी जाऊन पाहायचं. वर्तमानपत्र सुटलं, कारण घर त्यावर चालत नव्हतं. वडील पंखे आणि कूलर दुरुस्त करायचे. त्यांच्या हत्यारांच्या पेटीवर मी गाड्यांच्या एसीचं काम सुरू केलं. जाऊन पाहायची सवय इथे जास्त उपयोगी पडली. वासाच्या बाबतीत लोक जे सांगतात ते बहुतेक ऐकीव असतं.

यंत्र साधं आहे. समोरच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी, प्लास्टिकची एक जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत जाते. आतला पंखा ती ओढतो आणि डॅशबोर्डमागच्या बंद डब्यात बसवलेल्या थंड कॉइलवर सोडतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसा कॉइललाही सुटतो. ते पाणी डब्याच्या तळाशी जमतं आणि एका नळीतून गाडीखाली टपकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली ओलं दिसतं ते हेच. त्यासाठी घाबरून दुकानात यायची गरज नाही, तरी येतात.

आता या डब्यात काळोख आहे, ओल आहे आणि जाळीतून आलेला सगळा कचरा आहे. धूळ, पानं, केस, आणि आमच्याकडे राइस मिलचा कोंडा. नळी बुजली की पाणी तिथेच साचतं. ओला कपडा पेटीत कोंबून ठेवला तर काय होतं हे घरोघरी ठाऊक आहे. गाडीत तेच होतं, आणि पंखा ते तोंडावर मारतो.

उपायही साधा. फिल्टर असेल तर बदलायचा, नळी मोकळी करायची, कॉइल फेसाच्या औषधाने धुवायची. शिवाय मुक्कामाला पोहोचायच्या जरा आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल वाळते. ही शेवटची सूचना मी प्रत्येकाला देतो. ती पाळणारा माणूस अजून भेटायचा आहे.

लोक करतात ते दुसरंच. डॅशबोर्डवर हवा सोडणाऱ्या जाळीत अगरबत्ती खोचतात. कापराच्या वड्या टाकतात. आरशाला सुगंधी डब्या टांगतात, एकीने भागलं नाही तर दुसरी. एका हिवाळ्यात, नाटकांचा हंगाम ऐन भरात असताना, इथल्याच एका नाटक मंडळीचा मॅनेजर गाडी घेऊन आला. सोबत मंडळीची मुख्य गायिका होती. ती गाडीतून उतरून लांब उभी राहिली.

"माहा गळा बसून राह्यला या गाडीनं," ती तिथूनच म्हणाली. "मी बैलगाडीनं येतो म्हटलं तं आयकत नाई."

"रफिकभाऊ, म्या इलाज केला जी," मॅनेजर म्हणाला. "पुरी शिशी ओतली अत्तराची."

"कुठे ओतली?"

"जाळीत. वास तिथूनच येते ना?"

तर्कात चूक काढायला जागा नव्हती. डब्यात मेलेला उंदीर होता. तो लगेच निघाला. अत्तर मात्र कॉइलच्या पात्यापात्यांत शिरलं होतं, आणि ती गाडी विकली जाईपर्यंत निघालं नाही. काम झाल्यावर बाईंनी आत डोकं घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "उंदीरच बरा होता बाप्पा."

अशा गिऱ्हाइकांवर चिडून फायदा नसतो. मी चिडतो. पण ज्या गाडीने सगळ्यात जास्त वैताग दिला ती तुळशीरामची, आणि तिच्यात अत्तर नव्हतं.

तुळशीराम कुरखेडा तालुक्यातल्या एका लहान गावचा. जुनी, मागे आडव्या बाकांची गाडी. बाजाराच्या दिवशी तो गावातल्या बाया-माणसांना कुरखेड्याला न्यायचा, कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात. गावात भाड्याची दुसरी गाडी नव्हती. बाकीचे दिवस ती अंगणात उभी असायची. तो पहिल्यांदा आला तेव्हा उन्हाळा लागला होता आणि मोहाची फुलं पडायला लागली होती.

"कसा वास येतो?" मी विचारलं.

"तुमीच पाहा जी," एवढंच बोलून तो बाजूला झाला.

पंखा सुरू केला. दारूचा वास आला. विलायती नाही, मोहाची, भट्टीवरची. इकडे राहणाऱ्याला तो ओळखायला शिकावं लागत नाही.

"तुळशीराम, सकाळीच?"

"नाई जी. म्या जिंदगीत तोंडाले नाई लावली."

हे सगळेच म्हणतात. पण त्याच्या तोंडाला वास नव्हता. पंखा बंद केला की वास जायचा, चालू केला की यायचा. पिणाऱ्या माणसाला असं बटण नसतं.

मग त्याने अडखळत सगळं सांगितलं. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. कागदावरच्या बंदीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ती जिथे खरोखर चालते तिथे बायांच्या गटामुळे चालते. तुळशीरामच्या गावात असा गट होता आणि त्याची अध्यक्ष होती यमुनाबाई, तुळशीरामची बायको. दारू गाळण्यासाठी मोहफुलं पाण्यात भिजवून आंबवतात, त्याला सडवा म्हणतात. ज्याच्या घरी सडवा सापडेल त्याचं मडकं गावसभेसमोर फोडायचं आणि घरधन्याने आपलं नाव घेऊन माफी मागायची, असा ठराव यमुनाबाईंनी करून घेतला होता. बरीच मडकी फुटली होती. काही नात्यातल्यांची.

आणि आता अध्यक्षबाईंच्या नवऱ्याच्या गाडीत दारूचा वास येत होता.

"बाया बसाले तयार नाई," तुळशीराम म्हणाला. "म्हनतात, हा भाडं मारून येते अन् येताना माल आनते. बाजाराले पैदल जाऊन राह्यल्या. घरी ती माहं तोंड हुंगते रोज. सापडत नाई काही, तं आनखीच चिडते. म्हनते, पिऊन आला असता तं बरं होतं, दारू इकून तं राह्यला नाईस ना?"

"मग?"

"पुढच्या आठवड्यात सभा आहे. वास नाई गेला तं ठाण्यात खबर देनार. गाडी जप्त होते मंग. खबर देनारी तीच."

"बायकोच?"

"अध्यक्ष आहे ना जी," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

मी नळी तपासली. रस्त्याच्या चिखलाने ती खालून बंद झाली होती. मोकळी केली तसं काळपट पाणी आलं आणि त्यासोबत दोनतीन फुगलेले, बुळबुळीत गोळे. बोटावर घेऊन हुंगले. मोहफुलंच. काचेखालच्या जाळीचा एक कोपरा तुटला होता, त्यातून लिंबू जाईल एवढी वाट झाली होती. त्या जुन्या गाडीला फिल्टर नव्हताच. जाळीतून पडलेली वस्तू सरळ पंख्यात आणि तिथून डब्यात जात होती.

"ही फुलं कुठून आली?"

"झाडाखाली उभी राह्यते गाडी," तो चटकन म्हणाला.

स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं. मी वरून जाईल तेवढं औषध मारलं, डबा न खोलता पाण्याने धुतला, जाळीच्या भोकावर चिकटपट्टी लावली, गाडी झाडाखाली लावू नको असं बजावलं आणि नव्या जाळीसाठी नागपूरला निरोप दिला. वास गेला. तुळशीरामने पंखा सगळ्या वेगांवर फिरवून पाहिला आणि देवाला करावा तसा डॅशबोर्डला नमस्कार केला.

आठवडाभराने तो परत आला. वास त्याच्याआधी आला.

या वेळी शेजारच्या सीटवर बाई होती. खिडकी पूर्ण खाली, तोंड बाहेर. खाली उतरून तिने पदर खोचला, दुकानावर एक नजर फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच धुतली का हे गाडी?"

"हो, यमुनाबाई."

"मंग वास काऊन येऊन राह्यला? का तुमी दोघं मिळून आहा?"

"बाई, मी रोज पन्नास भानगडी ऐकतो, त्यातल्या कुणाशीही मिळून नाही."

"तं खोला. पुरं खोला. माह्यासमोर. काय आहे थे मले पाहू द्या. उद्या सभा आहे, मले तिथी सांगा लागते."

पुरं खोलणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. डबा डॅशबोर्डच्या मागे असतो. आधी स्टेअरिंग खाली घ्यायचं, मीटर काढायचं, वायरी एकेक सोडवून कुठली कुठे होती ते लक्षात ठेवायचं, मग डॅशबोर्ड अख्खा बाहेर उचलायचा. जुन्या गाडीचे स्क्रू गंजलेले असतात, प्लास्टिक हात लावताच तडकतं, आणि दिवस जातो. मी हे तिला सांगितलं.

"जाऊ द्या दिवस," ती म्हणाली. "माहं घर जाऊन राह्यलं."

तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही. शेजारच्या पानठेल्यावरचे बंडूभाऊ, ज्यांना कुठल्याही गाडीच्या दुखण्यावर मत असतं, ते येऊन उभे राहिले.

"टाकीत पाहा," ते म्हणाले. "डिझेलच्या टाकीत लपवतात आजकाल."

"तुमी पान लावा जी," यमुनाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. बंडूभाऊ ठेल्यावर गेले आणि तिथून पाहू लागले.

तुळशीराम गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. एका स्क्रूसाठी मी त्याला टॉर्च धरायला सांगितलं, तर त्याने उजेड भलतीकडेच धरला. मला वाटलं, आत बाटल्या आहेत. असतील तर आता बाईंच्या पायाशी पडतील. पत्रकारितेत अशा वेळी नुसतं पाहायचं असतं. गॅरेजमध्ये स्क्रू काढत राहायचं असतं.

डॅशबोर्ड बाहेर आला. डब्याच्या कड्या सोडवल्या, वरचं झाकण उचललं. बंडूभाऊ ठेल्यावरूनच "आऽऽ बाप्पा" म्हणाले. एवढा भपका होता.

तळाशी, कॉइलच्या पायथ्याला, काळ्या-तपकिरी लगद्याचा थर होता. वर ताजी फुलं, पिवळसर, अजून आकारात. खाली फुगलेली, त्याखाली विरघळलेली. नळी पुन्हा बुजली होती, या वेळी फुलांनीच. कॉइलचं पाणी त्यात साचत होतं, इंजिनची ऊब खालून मिळत होती. एखाद्याने ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

यमुनाबाई वाकल्या. दोन बोटांनी लगदा उचलला, हुंगला.

"सडवा," त्या म्हणाल्या.

"हो."

"गाडीत सडवा टाकला यानं?"

"कुणी टाकला नाही बाई. वरच्या जाळीतून पडला. पण झाडाखालून इतकी फुलं येत नाहीत." मी एक ताजं फूल उचललं. त्याला झाडाखालची माती लागलेली नव्हती, अर्धवट वाळून कडा आखडल्या होत्या. "ही वेचलेली फुलं आहेत, वाळत घातलेली. तुम्ही मोहफुलं कुठे वाळवता?"

"आंगनात," त्या म्हणाल्या.

मी ते फूल त्यांच्या हातावर ठेवलं.

"अन् बोनटावर," त्या म्हणाल्या. हे म्हणताना आवाज खाली गेला. "आंगनात बकऱ्या खातात. बोनट तापते, दिवसात वाळते. टोपल्यानं टाकतो मी."

त्यांनी हात लुगड्याला पुसले. मग हळूहळू तुळशीरामकडे वळल्या.

"तुले मालूम होतं?"

तो चाकाशीच बसून राहिला. "मांगच्या खेपेले समजलं. रफिकभाऊनं नळीतून काढले थे पाहून."

"अन् मले काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? अध्यक्षीनबाईनं सडवा टाकला म्हनून?" तो पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलला. "सायत्राबुढीचं मडकं फोडलं तू. काकाचं फोडलं. आता तुह्याच मोहाचा सडवा निंगला म्हनल्यावर तुह्या गटाले कोन इचारनार? चार दिवसात घरोघरी मडके लागले असते. म्हटलं, गुपचाप धुवून टाकू. मले बेवडा म्हनतात तं म्हनू दे."

"तुले म्हटलं नाई का मी, बोनटावर टाकू काय म्हनून? नाई म्हनाचं होतं."

"म्हटलं ना. पेंट खराब होते म्हटलं."

यमुनाबाईंनी सुटलेला पदर पुन्हा खोचला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हव. असं म्हटलं यानं. म्या खाली चादर टाकली."

चादरीवरून फुलं घसरतात. वारा आला की काचेवर उडतात, तिच्या उतारावरून खाली जाळीत येतात आणि चिकटपट्टीसारखी क्षुल्लक वस्तू उन्हाने सुटलेली असते. हे सगळं समजावून सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्या दोघांपैकी कुणीही ऐकत नव्हतं.

मी लगदा खरवडून कचऱ्यात टाकायला निघालो, तर त्यांनी हात धरला.

"फेकू नका. डबा द्या एखादा."

"कशाला?"

"ठराव आहे. सडवा सभेसमोर आनाचा."

"यमुने, सोड ना," तुळशीराम उठून म्हणाला. "बिघाड होता, दुरुस्त झाला, असं सांगू. खोटं थोडंच आहे? रफिकभाऊ सांगन."

"सायत्राबुढीनं म्हटलं होतं, उंदरानं पाडली फुलं मडक्यात. तिचं आयकलं का मी?"

औषधाचा एक रिकामा डबा धुऊन दिला. त्यांनी सगळा लगदा स्वतः त्यात भरला, झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन त्या स्टुलावर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. गाडी जोडून होईपर्यंत त्या तशाच होत्या. तुळशीरामने चहा आणला तो एका हाताने घेतला.

सभेत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. तुळशीराम नवी जाळी बसवायला आला तेव्हा त्याने सांगितलं, म्हणून तेवढ्यापुरतं ऐकीव लिहितो.

यमुनाबाईंनी डबा सभेच्या मधोमध ठेवला, झाकण काढलं, स्वतःचं पूर्ण नाव घेतलं आणि माफी मागितली. लोकांना आधी काही समजलंच नाही. समजल्यावर सायत्राबुढी मागून उठली. तिच्या फुटलेल्या मडक्याचा हिशेब बाकी होता.

"सडव्याचं भांडं फोडाची रीत आहे ना?" ती म्हणाली. "मंग फोडा. आना कुऱ्हाड. गाडी फोडा!"

पुरुष खो खो हसले. बाया हसल्या नाहीत. यमुनाबाई घरी गेल्या, पिण्याच्या पाण्याचा माठ उचलून आणला आणि सभेसमोर आपटून फोडला. ऐन उन्हाळ्यात. पाणी सगळ्यांच्या पायाखालून गेलं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? सायत्राबुढी म्हनाली, पान्याचा काऊन फोडला, अक्कल नाई का बाई तुले. दुसऱ्या दिवशी आपल्या घरचा माठ आनून ठेवला अन् शिव्या देऊन गेली."

"बाया गाडीत बसतात?"

"बसतात. सायत्राबुढी पुढं बसते. फुकट."

मी जाळी बसवली. कोपरे नीट दाबले. मग सहज विचारलं, "आता मोहफुलं कुठे वाळवते?"

"टपावर."

मी हातातला पेचकस खाली ठेवला. टपावरून काचेवर, काचेवरून वायपरशी, वायपरपासून जाळीत. बोटाने हवेत रेघ काढून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"पन तुमी नवी जाळी बसवली ना जी?"

या धंद्यात हे असंच असतं. त्या हंगामानंतर त्या बाजूच्या गाड्या यायला लागल्या त्या निदान करूनच. "मोह असन भाऊ, खोलून पाहा." खोलावं तर आत कुजलेल्या पाव-भाजीची पिशवी निघते, किंवा पोराने दाराच्या कप्प्यात सांडलेलं दूध. जाळीत अगरबत्ती खोचणारे खोचतातच. शेवटी एसी बंद करून पंखा चालू ठेवा, हे मी अजूनही सांगतो. तुळशीरामलाही सांगितलं. तो "हव" म्हणाला. करत असेल असं वाटत नाही.

निघताना त्याने गाडी सुरू केली, पंखा लावला, आणि डॅशबोर्डवरच्या जाळीला नाक लावून खोल श्वास घेतला.

"काय करतोस?"

"सवय झाली जी. ती असंच करते. गाडीत बसली का आधी जाळी हुंगते, मंग माहं तोंड." त्याने गिअर टाकला. "पहिले आधी माहं तोंड होतं."